पोत्यात शिवलेला कॅन

आमच्या घरात काहीही फेकत नाहीत, हे मला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी कळलं. सकाळी अंगणात आले तर कपड्यांच्या दोरीवर माझ्या हिरव्या साडीशेजारी तेलाच्या पाच रिकाम्या पिशव्या, धुऊन, चिमटे लावून वाळत घातलेल्या. माझं माहेर अंथुर्ण्याचं, मी बारावी झालेली, वर नव्या नवरीचा तोरा. मनात म्हटलं, अगं बाई, कुठल्या घरात येऊन पडले मी!

त्या पिशव्या माझ्या थोरल्या जाऊबाईंनी वाळत घातल्या होत्या. मी त्यांना आक्का म्हणते. आक्का शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण त्यांच्या हाताला वस्तू लागली की तिला दुसरा जन्म मिळालाच. दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून त्यांनी विणलेली चटई अजून पणदऱ्याच्या आमच्या घरात ओसरीवर आहे. खताची रिकामी पोती उसवून, एकाला एक जोडून त्यांनी कडब्याच्या गंजीला पांघरूण शिवलं. ठिबकच्या जुन्या नळ्या परसातल्या कुडाला आवळून बांधल्या. मी एकदा माझी तुटकी स्लीपर उकिरड्यावर टाकली, तर दुपारी ती परत आलेली. आक्कांनी तिचे तुकडे कापून खुराड्याच्या दाराला बिजागरी म्हणून ठोकले होते. माझी चप्पल पुढं कितीतरी वर्षं कोंबड्या राखत होती.

मला तेव्हा ह्या सगळ्याची लाज वाटायची. माहेरची माणसं यायची असली की मी दोरीवरच्या पिशव्या गपचूप काढून ठेवायचे. आक्कांच्या ते लक्षात यायचं, पण त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. पाहुणे गेले की पिशव्या परत दोरीवर.

ह्या सगळ्या वस्तूंत त्यांचा जीव होता तो कॅनमध्ये. उसातलं तण मारायचं औषध पाच लिटरच्या जाड प्लास्टिकच्या कॅनमधून येतं. औषध संपलं की तो कॅन शेतावर पाणी न्यायला घ्यायचा, ही आमच्या भागातली जुनी रीत. पण कसा घ्यायचा त्यालाही पद्धत होती. पहिल्यांदा त्याच्यावर चिकटवलेला छापील कागद काढायचा. कॅन रात्रभर हौदात बुडवून ठेवायचा आणि सकाळी राखेनं, नारळाच्या शेंडीनं अक्षर न अक्षर जाईस्तोवर घासायचा. मग गरम पाणी, मग चिंचेचं पाणी, पुन्हा राख, आणि दोन दिवस उन्हात पालथा. शेवटी गोणपाट मापानं कापून दाभणानं त्याच्या अंगाबरोबर शिवायचं आणि खांद्याला पट्टा लावायचा. गोणपाट ओलं केलं की भर उन्हातही पाणी गार राहतं. कॅन जितका लख्ख, तितकी बाई नेटकी, असं आमच्याकडं मानतात. कागदाचा एवढासा कोपरा जरी चिकटून राहिला तरी बाकीच्या बायका नाक मुरडायच्या.

आक्कांचा कॅन पंचक्रोशीत नावाजलेला होता आणि तो होता थोरल्या दिरांसाठी. दिरांना सगळं गाव तात्या म्हणायचं. तात्या उसाला पाणी धरायला निघाले की आक्का उंबऱ्यात कॅन घेऊन उभ्या. आक्का स्वतः शेतावर गेल्या तरी पहिलं पाणी तात्यांना ओतून द्यायच्या आणि आपण घरी येऊन माठातलं प्यायच्या. वर्षाला, दोन वर्षांना कॅन बदलायचा, रीत तीच. वीस-बावीस वर्षं मी हे रोज बघत आले.

मग तात्यांच्या किडन्या गेल्या. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा बारामतीला नेऊन त्यांचं रक्त धुऊन आणावं लागायचं. डॉक्टरांनी तंबाखू विचारली, साखर विचारली, दुखण्याच्या गोळ्या विचारल्या. तात्या कंबरेच्या दुखण्याला मेडिकलातून गोळ्या आणून शेंगदाण्यासारख्या खायचे आणि फवारताना तोंडाला साधा रुमालसुद्धा बांधायचे नाहीत. नक्की कशानं झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि ते गेल्यावर आम्हीही विचारायचं सोडून दिलं. आक्कांनी कॅन गोठ्यातल्या खुंटीला अडकवला आणि त्या घरात बसल्या. देवळात नाही, लग्नात नाही, कुणाच्या बारशालाही नाही.

एवढ्यात मी बचत गटाची अध्यक्ष झाले. बारामतीला कचऱ्यावरचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथं गटातर्फे मला पाठवलं. तिथून मी जी परत आले ती पार पेटून आले. ओला कचरा, सुका कचरा, जगात कचरा असा नसतोच, सगळं परत वापरता येतं, हे मी दिसेल त्याला ऐकवत सुटले. घरचे म्हणाले, ही बाई आता आपल्यालाही निवडून वेगळं ठेवणार. पण गावाला गरज होतीच. कॅनॉलच्या कडेला प्लास्टिक पेटवून द्यायचे आणि त्याचा काळा धूर शाळेवर जायचा. गायींच्या पोटातून पिशव्या निघायच्या. आणि बोलता बोलता एक दिवस माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रशिक्षणात पडद्यावर दाखवलं ते सगळं माझ्या घरात आक्का जन्मभर करत आल्या होत्या. ज्याची मी लाज बाळगली, त्याच्यावर आता लोक भाषणं देत होते. मला फार अपराधी वाटलं.

म्हणून मी गटाची स्पर्धा ठेवली, टाकाऊतून टिकाऊ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून ठेवली असती तर बायका जास्त जमल्या असत्या, पण मग आक्का आल्या नसत्या. मी मुद्दाम वेगळा दिवस धरला आणि त्यांच्या मागं हात धुऊन लागले. चार दिवस नाही नाही म्हणाल्या. पाचव्या दिवशी गोठ्यात डोकावले तर खुंटीवरचा कॅन खाली उतरवलेला आणि त्याला नवं गोणपाट चढत होतं. काठाला त्यांनी स्वतःच्या जुन्या इरकलीची लाल किनार लावली होती.

काय दिसत होता तो कॅन! गावातल्या बायका नुसत्या हात फिरवून बघत होत्या. मी माइक घेतला आणि म्हणाले, आम्ही दोन दिवसांत शिकून आलो, पण आपली खरी मास्तरीण ही इथं बसलीय. टाळ्या झाल्या. पहिलं बक्षीस स्टीलची कळशी. ती घ्यायला आक्का पदर सावरत पुढं आल्या, आणि तात्या गेल्यानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. तो दिवस मला माझ्या लग्नापेक्षा मोठा वाटला, खोटं कशाला सांगू.

मग व्हायचं तेच झालं. महिन्याभरात शिवारात जिकडं बघावं तिकडं पोत्यात शिवलेले कॅन. ज्यांनी ही रीत सोडून बाटल्या घेतल्या होत्या त्यांनीही परत धरली. आक्का बाहेर पडायला लागल्या. बायका त्यांच्याकडं शिकायला यायच्या, आणि आक्का ओसरीवर बसून टाका कसा घालायचा ते दाखवायच्या.

त्याच सुमारास गटानं घराघरातून प्लास्टिक गोळा करायला घेतलं आणि ते न्यायला इंदापूरकडचे एक भंगारवाले टेम्पो घेऊन यायला लागले. पिकली दाढी, डोक्याला रुमाल, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. प्रशिक्षणातल्या पडद्याहून मी चाचांकडून जास्त शिकले. ते पाण्याची बादली मागायचे आणि प्लास्टिकचा तुकडा आत टाकायचे. कॅन, बादल्या, ठिबकच्या नळ्या तरंगतात, त्यांचा ढीग वेगळा. पाण्याच्या बाटल्या आणि जाड पाइप बुडतात, त्यांचे ढीग वेगळे. सगळं एकत्र वितळवलं तर कशाचंच काही होत नाही, पुन्हा कचराच. इतकी वर्षं सगळं प्लास्टिक मला सारखंच वाटत होतं.

एक दिवस चाचांना तहान लागली. मी आक्कांचा कॅन पुढं केला, जरा मिरवायलाच. चाचांनी तो घेतला, पोत्याची शिलाई बघितली, वाहवा म्हणाले. मग बूच उघडून वास घेतला आणि पाणी न पिता कॅन खाली ठेवला.

"ताई, ह्यो औषधाचा हाय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, व्हय, पण चांगला घासलाय, चिंच लावून.

"वरनं घासलाय. प्लास्टिक औषध पितं, ताई. आत मुरलेलं पाण्यात थोडं थोडं येत राहतं. आमी ह्याला भोक पाडल्याबिगर गाडीत घेत न्हाय, परत कुणी पाणी भरू ने म्हणून. ह्याची निस्ती पायपं होत्यात, तांब्या-बादली न्हाय."

मी वरवर हसले खरी. टेम्पो गेल्यावर कोठीत जाऊन तणनाशकाचा नवा कॅन काढला. त्याच्या गळ्यात घडी घातलेला कागद असतो, मुंगीएवढ्या अक्षरांचा, सतरा भाषांतला. आम्ही तो चुलीत घालतो. चष्मा लावून मराठी शोधलं. स्पष्ट लिहिलं होतं: रिकामा डबा दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरू नये. कॅनच्या अंगावर चिकटवलेल्या कागदावरही तेच होतं. म्हणजे आम्ही सगळ्यात आधी राखेनं घासून काढत होतो ते नेमकं हेच. आक्कांना वाचता येत नव्हतं, मला येत होतं. बारावी पास, गटाची अध्यक्ष, आणि एवढ्या वर्षांत मी तो कागद एकदाही उलगडला नव्हता. वर त्याच कॅनला बक्षीस दिलं होतं. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

गावाला सांगायचं तर होतंच, ते अवघड नव्हतं. चुकलं म्हणून हात जोडले असते. पण गावाला सांगितलं की आक्कांना कळणार, आणि आक्कांना कळलं की त्यांना सगळ्यात आधी तात्याच आठवणार हे मला ठाऊक होतं. नुकती कुठं ती बाई माणसांत आली होती. मी आठ दिवस गप्प बसले. आठ दिवस बायका शेतावर त्याच कॅनमधून पाणी पीत होत्या, त्यांची पोरंबाळं पीत होती, आणि मी घरात तोंड दाबून बसले होते. माझ्या आयुष्यात मी इतकी भित्री कधी वागले नाही.

नवव्या दिवशी दुपारी आक्का ओसरीवर एका कॅनला गोणपाट चढवत बसल्या होत्या. कुणासाठी विचारलं तर म्हणाल्या, शेजारच्या नव्या सुनेला, तिला दिवस गेलेत, शेतावर पाणी गार लागतं बिचारीला. आता मात्र मला गप्प बसवेना. त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, चाचांचं, कागदाचं, माझ्या आठ दिवसांचं. कागद आणून वाचूनही दाखवला.

आक्कांचा हात थांबला. दाभण अर्धं गोणपाटात तसंच राहिलं. दोरीवर पिशव्या वाळत होत्या, आक्का तिकडं बघत राहिल्या. मला वाटलं ओरडतील, मला बोलतील. त्यांनी ते केलं असतं तर बरं झालं असतं.

"मी कवा त्यातलं पीत न्हवते," त्या म्हणाल्या. "मी घरला येऊन प्यायची. कॅन ह्यांच्यासाठी असायचा."

मग त्यांनी मान वळवून सरळ माझ्याकडं पाहिलं.

"धाकले, ह्यांचं ह्याच्यामुळं झालं का?"

न्हाय म्हणायचं, असं मी आठ दिवस घोकून ठेवलं होतं. जोरात म्हणायचं, शपथ घ्यायची, विषय बदलायचा. पण त्या पुढं म्हणाल्या, "तुला वाचता येतंय. मला येत न्हाय. तवा तू मला खरं सांग."

"मला ठाऊक न्हाय, आक्का," मी म्हटलं. "डॉक्टरलाबी ठाऊक नव्हतं. झालं असंल, नसंलबी. गोळ्या होत्या. फवारणी होती."

"आन पाणी हुतं," आक्का म्हणाल्या.

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. उठल्या, आत गेल्या आणि चुलीत दाभण धरून लाल करून आणलं. आधी नव्या सुनेच्या कॅनला भोक पाडलं. मग आतून बक्षिसाचा आणला, इरकलीच्या किनारीचा. गोणपाटासकट त्याला एक भोक पाडलं, मग दुसरं, मग दाभण गार होईस्तोवर पाडत राहिल्या. प्लास्टिक जळल्याचा घाण वास ओसरीभर पसरला. मी हात धरायला गेले तर म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, हे मलाच करू दे.

दुसऱ्या दिवशी मी गटाच्या बायकांना बोलावून माझी चूक सांगितली. कागद आता घासायचा नाही, वाचायचा, वाचता येत नसेल तर माझ्याकडं आणायचा. औषध काढल्यावर कॅन तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्याच्या पंपातच ओतायचं, कॅनला भोक पाडायचं आणि तो इतर प्लास्टिकमध्ये न मिसळता चाचांसाठी वेगळा बांधून ठेवायचा. मला आता जे कळलं होतं ते इतकंच, की काही वस्तू परत वापरायच्या असतात आणि काही मोडून परत घडवायच्या असतात, आणि कोणती वस्तू ह्यातली कुठली हे नुसत्या काटकसरीनं कळत नाही. बायकांनी ऐकलं, माना हलवल्या. पण मला गाव ठाऊक आहे. अर्ध्याअधिक बायका घरी जाऊन त्याच कॅनमधून पाणी पिणार होत्या.

आक्कांना हे माझ्याआधी कळलं होतं. त्या पदराला दाभण खोचून निघाल्या. मीही मागं गेले. घरोघर जायचं, चुलीपाशी बसायचं, कॅन मागायचा, दाभण तापवायचं. ज्या बायकांना शिवायला शिकवलं त्यांच्याच दारात. एकीनं मात्र कॅन पोटाशी धरला. म्हणाली, आमच्या सासूच्या येळेपासनं पितोय, आमचं तर कुणाचं काय झालं न्हाय.

"मीबी हेच म्हणत हुते," आक्का म्हणाल्या. "तुझा मालक घरात हाय तवर भोक पाड."

त्या बाईनं कॅन पुढं केला. मी उठून बाहेर आले. त्या एका वाक्यासाठी आक्कांनी काय मोजलं होतं ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

आता चाचांचा टेम्पो आला की आक्का तिथं हजर असतात. वेगळ्या बांधलेल्या कॅनांच्या पोत्यात हात घालून एकेक बाहेर काढतात, उजेडाकडं धरून भोक बघतात आणि मगच टेम्पोत टाकू देतात. चाचा त्यांना साहेब म्हणून चिडवतात. दोरीवर तेलाच्या पिशव्या अजून वाळत असतात, फक्त आता त्यांची चाचांसाठी गठडी होते. माहेरची माणसं आली तरी मी त्या काढत नाही.

बक्षिसाची कळशी इतके दिवस मांडणीवर होती, तिच्या प्लास्टिकच्या वेष्टनासकट. आक्कांनी ती एकदाही वापरली नव्हती. गेल्या आठवड्यात उसाला पाणी धरायचं होतं, माझे मालक बाहेरगावी, म्हणून मी निघाले. आक्का म्हणाल्या, थांब, मी येते. त्यांनी कळशी खाली घेतली, वेष्टन फाडून गठडीत टाकलं, कळशी घासून माठातल्या पाण्यानं भरली, वर तांब्या पालथा घातला आणि डोक्यावर घेतली. तात्या गेल्यापासून आक्का त्या वाटेनं आल्या नव्हत्या.

शेतावर आल्यावर तात्या बसायचे त्या बांधाशी त्या थांबल्या. पहिला तांब्या भरला आणि सावकाश तिथं मातीत ओतला. पाणी मुरेपर्यंत दोघीही उभ्या होतो. मग त्यांनी दुसरा तांब्या भरून माझ्यापुढं धरला.

"आता तू पी," त्या म्हणाल्या.